पुस्तक चाटणाऱ्या बाळासाठी कोणतं पुस्तक घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ महिन्यांची आहे, हातात पुस्तक दिलं की आधी तोंडात जातं, मग कोपरा कुरतडला जातो. हात लावून बघायची ‘टच अँड फील’ पुस्तकं ऑनलाइन चारशे-पाचशेला दिसतात. त्यांचा खरंच उपयोग होतो का, कशी निवडायची, घरी शिवली तर चालतील का, आणि साडेतीन वर्षांच्या दादालाही तीच देता येतील का? शिवाय सासूबाईंचं म्हणणं, दात यायच्या आधी पुस्तकं कशाला.

मी मुलांच्या वाचनालयात शून्य ते तीन वर्षांचा गट बघते आणि तिथली कापडी पुस्तकं शिवूनही घेते. त्यामुळे ही पुस्तकं नवी कोरी असताना कशी दिसतात यापेक्षा घरोघरी फिरून, चावून, भिजून परत येतात तेव्हा त्यांचं काय झालेलं असतं, हे मी जास्त बघते.

घ्या, पण सध्या दोनच. एक जाड पुठ्ठ्याचं आणि एक कापडी. निवडताना मुख्य गोष्ट ही बघा की पानावर हाताला जे लागतं, तोच त्या चित्राचा अर्थ आहे की ती नुसती सजावट आहे. बाजारातली निम्मी पुस्तकं एवढ्यावरच बाद होतात.

आधी चावण्याचं. ओठ आणि जीभ या अंगावरच्या सर्वांत संवेदनशील जागांपैकी आहेत. आठ महिन्यांचं मूल वस्तू हातात घेतं, तोंडात घालतं, बाहेर काढून बघतं, पुन्हा घालतं. वस्तू तपासायची त्याची रीतच ती. ‘नाही हं, पुस्तक खायचं नाही’ म्हणत हिसकावून घेतलंत तर पुस्तक आलं की ओरडा बसतो एवढंच तिला कळेल. चावलं तरी चालेल असं पुस्तक द्या आणि चावू द्या. वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढे हे बरंचसं आपोआप कमी होतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग इथे कामाचे आहेत. त्यांनी नऊ महिन्यांच्या मुलांसमोर खऱ्या वस्तूंच्या रंगीत फोटोंचं पुस्तक ठेवलं. मुलं फोटोवर हात फिरवत होती, पान खरवडत होती, फोटोतली वस्तू पकडून उचलायला बघत होती. आयव्हरी कोस्टमधल्या एका खेड्यातल्या, चित्रांची फारशी ओळख नसलेल्या मुलांनीही तेच केलं. एकोणीस महिन्यांच्या मुलांमध्ये हा प्रकार जवळपास संपलेला होता, ती चित्राकडे बोट दाखवत होती. म्हणजे आज तुमच्या मुलीला चित्रातला ससा आणि खरा ससा यांतला फरक पक्का कळलेला नाही. ती पान खरवडते ते याच शंकेपोटी. साध्या पानावर तिच्या नखाला काहीच लागत नाही. ‘टच अँड फील’ पुस्तकात लागतं, आणि त्याच क्षणी कुणीतरी शेजारून एक शब्द बोलतं. माझ्या मते या पुस्तकांचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो काही लहान नाही. खोक्यावर मेंदूच्या विकासाबद्दल जे छापलेलं असतं, ते तुम्ही विकत घ्यावं म्हणून.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं जुनं पुस्तक १९४० चं. अमेरिकेतल्या डोरोथी कुन्हार्ट यांनी आपल्या धाकट्या मुलीसाठी ‘पॅट द बनी’ केलं. त्यात ससा थोपटायचा, बाबांच्या दाढी वाढलेल्या गालाला हात लावायचा, आरशात बघायचं, आईच्या अंगठीत बोट घालायचं. सगळ्या घरात रोज होणाऱ्या गोष्टी. गाल खरखरीत आहे, म्हणूनच ते पान आहे. हात लावला नाही तर त्या पानात काही उरतच नाही.

आता दुकानातलं सरासरी पुस्तक उघडा. मगर, मासा आणि मोटार, तिघांना तीच चंदेरी चकचकीत फॉइल. हत्तीच्या पोटावर मखमलीचा गोल, कारण तो कापडाचा ताका कारखान्यात पडून असावा. त्यातून मुलाला मिळतं काय? हत्ती मखमली असतो आणि मासा मगरीसारखा लागतो, हे! मेंढीला लोकरीसारखं काही असेल, सुरवंटाला लव असेल, फणसाला काटे असतील, तर ते पुस्तक घ्या. दिसत नसलेल्या मुलांसाठी पुस्तकं करणाऱ्यांना हे फार आधी कळलं. फ्रान्समध्ये दिजोंजवळ ‘ले द्वा कि रेव्ह’ नावाची संस्था अशी पुस्तकं हातांनी बनवते. घराची उठावदार बाह्यरेषा काढून दिली तर ज्या मुलाने घर कधी पाहिलेलंच नाही त्याच्या बोटांना त्यातून काही कळत नाही. दाराची कडी, पायपुसणं, भिंतीचा गिलावा दिला तर घर कळतं. डोळस बाळांच्या पुस्तकांनाही ही कसोटी लावून बघा. डोळे मिटून पानावर हात फिरवा. प्रत्येक पानावर वेगळं काही लागलं नाही तर पैसे परत खिशात घाला.

पुस्तक प्रत्यक्ष हातात मिळालं तर माझी तपासणी अशी असते. ठिगळाच्या कडेला नख घालून उचकटून बघते. काही पुस्तकांत कापड पुठ्ठ्याच्या वर चिकटवलेलं असतं. ते आठवड्याभरात सुटतं आणि सुटलेला तुकडा थेट तोंडात जातो. चांगल्या पुस्तकात पुठ्ठ्याला खिडकी कापलेली असते आणि कापड मागच्या बाजूने, पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये दाबून बसवलेलं असतं. खिडकीच्या काठावर बोट फिरवलं की फरक लगेच कळतो. मग केसाळ भाग चिमटीत धरून ओढते. बोटांत केस आले तर पुस्तक खाली ठेवते. ओल्या पांढऱ्या रुमालाने एक ठिगळ आणि एक छापील चित्र घासते, रंग उतरतो का बघायला. दुकानदार जरा त्रासिक चेहरा करतात, करू द्यावा. शेवटी पुस्तक उघडून वास घेते. डोक्यात जाणारा रसायनाचा वास असेल तर चावणाऱ्या बाळासाठी ते नकोच. आरसा असेल तर तो न फुटणारा, कडा पूर्ण दाबलेल्या. कोपरे गोल. ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून मागवा आणि आल्या आल्या बाळाच्या हातात न देता आधी हे सगळं करा.

खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. कापडी आणि आवाज करणारी पुस्तकं पुष्कळदा खेळण्यांच्या शेल्फवरच असतात, तेव्हा चिन्ह शोधा. सुट्या भागांसाठी खेळण्यांच्या मानकांत एक लहानशी नळी वापरतात, व्यास ३१.७ मिलिमीटर. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरतात. घरी एवढं मोजत बसायला नको. सुटं होऊन बाळाच्या मुठीत लपेल असं काहीही पुस्तकावर नको. बटण दाबल्यावर गाय हंबरते वगैरे पुस्तकं या वयात मी देतच नाही. त्यात चपटी बटण-बॅटरी असते, आणि ती गिळली गेली तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजायला सुरुवात होऊ शकते. अशी नुसती शंका आली तरी वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्यायचं. दादाकडे असं पुस्तक असेलच, तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते आजच बघा.

आता वाचायचं कसं. बहुतेक पुठ्ठ्याची पुस्तकं इंग्रजीत असतात; मराठीत या प्रकारचं फार थोडं मिळतं. त्याने काही अडत नाही. छापलेलं वाक्य सोडून द्या. बाळाला मांडीवर पाठमोरं बसवा, पान उघडा, आधी तुमचं बोट ठिगळावर फिरवा आणि एकच शब्द म्हणा: खरखरीत. मग थांबा. हे थांबणं आईबाबांना सर्वांत जड जातं. मनात सावकाश पाच मोजा. ती हात पुढे करेल, किंवा करणार नाही, किंवा पुस्तकच ओढून चावेल. हात पुढे केला की पुन्हा तोच शब्द. तिचा हात धरून ठिगळावर दाबू नका. तिने मान फिरवली की पुस्तक मिटा; तीन-चार मिनिटं झाली तरी पुष्कळ झाली. तिला पुन्हा पुन्हा एकच पान हवं असेल तर एकच पान. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत जायला हवं, हा आपला आग्रह असतो, बाळाचा नाही.

शब्द मात्र घरात सगळ्यांनी एकच वापरा. आई म्हणते खरखरीत, बाबा म्हणतात रफ, आजी म्हणते खरबरीत, असं तीन तऱ्हांनी आठव्या महिन्यात नको. मऊ, खरखरीत, गुळगुळीत, टोचतं, गार एवढे शब्द पहिल्या वर्षाला भरपूर होतात. मग तेच पुस्तकाबाहेर न्या. भाजीची टोपली आली की ती धुऊन मुलीसमोर ठेवा: वांगं गुळगुळीत, कारलं खडबडीत, भेंडीवर लव, नारळाची शेंडी टोचरी. मिरच्या आधी काढून घ्या, एवढंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा पानं, बिया, शंख-शिंपले हीच मुलांची साधनं होती. माँटेसरी पद्धतीतल्या, बोटांनी पोत ओळखायच्या खरखरीत-गुळगुळीत पाट्या गावात परवडणार नव्हत्या. पण आजूबाजूला त्याच गुणांच्या वस्तू पडलेल्या होत्याच.

सासूबाईंशी वाद घालू नका. बाळाच्या तळहातावर बोट टेकवून मोर बसवायचा, मग दाणा-पाणी देऊन गुदगुल्या करत हात काखेपर्यंत न्यायचा, हा खेळ त्या करत असणारच. तेल लावताना नाक, कान, पोट म्हणत हात फिरवतात तेही तेच. बोट, शब्द आणि थोडं थांबणं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं. त्यांच्या हातात पुस्तक द्या, आणि शिवायची जबाबदारीही.

शिवण्यासाठी कापड म्हणून मांजरपाट किंवा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घ्या. नवं कापड असेल तर दोनदा धुऊन, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात पुस्तक आवळून वाकडं होतं. पान साधारण सहा इंचांचं चौकोनी ठेवा. याहून मोठं आठ महिन्यांच्या बाळाला पेलवत नाही. तेरा इंच लांब, सात इंच रुंद अशा चार पट्ट्या कापा. ठिगळं सर्वांत आधी, पट्ट्या सुट्या असतानाच शिवून घ्या, म्हणजे गाठी आणि उलट बाजू आत दडतात. मग दोन पट्ट्या सुलट बाजू आत करून जोडायच्या, थोडी फट ठेवून उलटवायच्या, फट शिवायची. अशी दोन पानं एकावर एक ठेवून मधोमध दुहेरी शिलाई मारली की घडी घातल्यावर आठ बाजू मिळतात. पहिल्या पुस्तकाला तेवढ्या पुरे. ठिगळांच्या कडा दुमडून झिगझॅग मारा, नाहीतर हाताने दाट काजाचा टाका. नुसता धावदोरा बाळाच्या दातांपुढे टिकत नाही. फेल्ट कापायला सोपं म्हणून सगळे वापरतात, पण ओलं झालं की त्याचे गोळे होतात आणि ते तोंडात येतात. या वयाच्या पुस्तकात मी ते टाळते.

पानं तुमच्या घरातलीच असू द्या. बाबांचा टर्किश टॉवेल. दादाच्या जुन्या जीन्सचा खिसा, तसाच्या तसा उचलून पानावर चारी… नव्हे, तीन बाजूंनी शिवलेला, म्हणजे आत हात जातो. आजीच्या साडीचा पदर, फक्त वरच्या कडेला शिवलेला. तो उचलला की मागे आजीचा कापडावर काढलेला चेहरा, आणि भॉक्! छत्रीचं गुळगुळीत नायलॉन, खाली पावसाचे धावदोऱ्याचे टाके. मांजरीला मखमल. खणाच्या चोळीचा उरलेला तुकडा फार छान लागतो, त्याची बुट्टी बोटाला कळते. जरीचा काठ मात्र नको, तार निघते. घोंगडीचा तुकडा मिळाला तर टोचरं म्हणजे काय ते दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो जाड असल्याने दुमडत नाही, तेव्हा चारी कडांना सुती पट्टीचा गोट भरा. तरी घोंगडीचं पान तुमच्या मांडीवर बसूनच दाखवायचं, चावायला द्यायचं नाही.

बटणं, मणी, टिकल्या, आरसेकाम, घुंगरू यांतलं काहीही नको, कितीही घट्ट शिवलं तरी. आजीमंडळींना घुंगरू लावायचा मोह आवरत नाही हे अनुभवाने सांगते. पान उघडायला नाडी किंवा लांब फीतही नको, गळ्याभोवती जाते. कुरकुर वाजावं म्हणून वेफर्सच्या पिशवीचा तुकडा आत शिवायची सूचना इंटरनेटवर सापडेल; घरी ते करू नका. धुताना शिलाई उसवते आणि तो प्लास्टिकचा तुकडा बाहेर येतो. शिवून झाल्यावर प्रत्येक ठिगळ जोर लावून ओढा, पुस्तक धुवा, कडक उन्हात वाळवा, पुन्हा ओढा. मग द्या. बाळंतविड्यात झबलं, टोपरं, दुपटं यांच्याबरोबर असं एक पुस्तक आमच्याकडून बरेच जण नेतात, आणि दुपट्याइतकंच ते रोज धुतलंही जातं.

पुठ्ठ्याचं पुस्तक धुता येत नाही. पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली उघडं उभं ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, चावलेला कोपरा फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. ते पापुद्रे बाळ सोलून खातं, तेव्हा तो कोपरा सरळ कात्रीने गोल कापून टाका. सेलोटेप लावू नका, तीही सोलली जाते. एखादं ठिगळ सुटलं तर चिकटवायच्या भानगडीत न पडता पूर्ण काढून टाका. रिकाम्या खिडकीत बोट घालायलाही बाळांना आवडतं.

काही बाळं केसाळ किंवा चिकट काही लागलं की हात झटकन मागे घेतात. त्यात बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. तुमच्या बोटाने दाखवत राहा, चार दिवसांनी पुन्हा बघा. पण कपड्याची शिवण, गवत, वाळू, जेवणाचा पोत, डोक्यावरून पाणी, सगळ्यालाच ती सारखी रडून विरोध करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे मुलांना रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवतील. जिल्हा रुग्णालयांतल्या डीईआयसी केंद्रांतही (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं) ही सोय असते.

राहिला दादा. त्याला ही पुस्तकं आवडतील, पण अक्षरं, अंक, प्राण्यांची नावं शिकवायला ती वापरू नका. त्याच डिलोश यांनी सिंथिया चिआँग यांच्याबरोबर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये आला. अडीच ते तीन वर्षांच्या मुलांना एका गटात साधं अक्षरांचं पुस्तक, तर दुसऱ्यात हलवायच्या-ओढायच्या करामती असलेलं पुस्तक वाचून दाखवलं. अक्षरं जास्त शिकली ती साध्या पुस्तकवाली मुलं. मलाही गटात हेच दिसतं: झडप उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, आणि खालचा ‘क’ कुणी बघितलाच नाही. करामत स्वतःच इतकी मजेची असते की तिच्या खाली काय लिहिलंय याची मुलाला पर्वा नसते. तेव्हा त्याला गोष्टींची साधी, चांगल्या चित्रांची पुस्तकं आणा. स्पर्शाचा खेळ त्याच्यासाठी वेगळा: कापडी पिशवीत चमचा, लिंबू, कंगवा, गाडी टाकायची, न बघता हात घालून ओळखायचं आणि बाहेर काढायच्या आधी ते कसं लागतंय ते सांगायचं. आणि बहिणीच्या पुस्तकातल्या एका पानासाठी कापड त्याला निवडू द्या. जीन्सचा खिसा त्याचाच आहे, तेव्हा ते पान तिला वाचून दाखवायचं कामही त्याच्याकडेच सोपवा.